स्टॅबिलायझर घेण्याआधी न्यूट्रल तपासा: वाचकांची प्रश्नोत्तरे

मार्च लागला की एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून येऊ लागतो: 'व्होल्टेज कमी-जास्त होतंय, कुठला स्टॅबिलायझर घेऊ?' व्होल्टेज नेमके किती, हे मात्र जवळजवळ कोणीच लिहीत नाही. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. 'कमी' म्हणजे २०५ की १५०, रोज संध्याकाळी की अधूनमधून, एकाच खोलीत की सगळ्या गल्लीत, यावर उपाय ठरतो. काही वेळा तर उपाय स्टॅबिलायझर नसतोच; दोष न्यूट्रलमध्ये, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेत, असतो.

प्रश्न (यवतमाळ): दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घेतला. दुकानदार म्हणतो, हा 'स्टॅबिलायझर फ्री' आहे, लावलात तर वॉरंटी जाईल. बसवायला आलेला मुलगा म्हणतो, लावलाच पाहिजे आणि तो त्याच्याकडेच मिळेल. कोणाचे ऐकू?

उत्तर: दोघांचेही नको. एसीसोबत आलेली पुस्तिका आणि मल्टीमीटर, या दोघांचे ऐका.

'स्टॅबिलायझर फ्री' याचा अर्थ एवढाच की पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत, समजा १४५ ते २८५ व्होल्ट, एसी आपला आपण चालतो. मर्यादेबाहेरच्या व्होल्टेजपासून त्याचा पीसीबी (आतले इलेक्ट्रॉनिक कार्ड) वाचतो, असे त्यात कुठेही म्हटलेले नसते. इन्व्हर्टर एसीत येणारी वीज आधी डीसी केली जाते. २३० व्होल्टच्या लाटेचे शिखर ३२५ व्होल्टांवर असते आणि ते मोठ्या कपॅसिटरवर जाते. हे कपॅसिटर बहुधा ४५० व्होल्टचे असतात. पुरवठा ३२० च्या पुढे गेला की शिखर ४५० ओलांडते. मग कपॅसिटर फुगतो, किंवा कॉम्प्रेसर चालवणारे मोड्यूल जाते आणि अख्खा पीसीबी बदलावा लागतो. स्टिकरवरचे दोन शब्द तिथे कामाला येत नाहीत.

आता मोजणी. वायरमनकडून एसीच्या सर्किटवर चार दिवस व्होल्टेज मोजून घ्या: सकाळी, दुपारी ३ ला, रात्री १० ला, आणि प्रत्येक वेळी एसी बंद असताना व चालू असताना. आकडे २०० ते २५० च्या आत राहत असतील तर स्टॅबिलायझरवर पैसे घालू नका. रोज १७० च्या खाली किंवा २६० च्या वर जात असेल तर दीड टनाला ४ केव्हीए क्षमतेचा घ्या. मात्र त्याची चालण्याची मर्यादा तुमच्या आकड्यांना पुरते का, हे खोक्यावर वाचा. एसी सुरू करताच व्होल्टेज ७-८ व्होल्टांहून जास्त खाली येत असेल तर दोष घरच्या वायरिंगमध्ये किंवा एखाद्या सैल जोडात असण्याची शक्यता मोठी. तो आधी काढा.

वॉरंटीबद्दल दुकानदाराचे तोंडी बोलणे धरू नका. कंपनीच्या सेवा केंद्राकडून मेलवर लिहून घ्या.

प्रश्न (पुणे): गीझरला स्टॅबिलायझर लागतो का?

उत्तर: नाही. २००० वॅटचा गीझर १८० व्होल्टवर सुमारे १२२५ वॅटचाच उरतो, म्हणून अठरा मिनिटांचे पाणी तापायला अर्धा तास लागतो, एवढेच. गीझरला हवे ते चांगले अर्थिंग, १६ अँपियरचे सॉकेट आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच). हे तिन्ही आहे का, ते वायरमनला दाखवा.

प्रश्न (संगमनेर तालुका): संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की घरात १६०-१६५ व्होल्ट येतात. फ्रिज दर थोड्या वेळाने 'टक्' असा आवाज करतो, गुरगुरतो आणि परत बंद. शेजारी म्हणतात, मोठ्यात मोठा स्टॅबिलायझर लाव, प्रश्न मिटेल.

उत्तर: ती 'टक्' म्हणजे कॉम्प्रेसरवरच्या ओव्हरलोड प्रोटेक्टरची. कॉम्प्रेसरच्या मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. १६५ व्होल्टवर ती २३० च्या तुलनेत निम्मीच उरते. गॅसच्या दाबाविरुद्ध मोटर फिरू शकत नाही, जागच्या जागी अडकून नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, तापते, आणि प्रोटेक्टर तिला तोडतो. थंड झाला की पुन्हा जोडतो. रात्रभर हे चालले तर वाइंडिंगवरचे इनॅमल करपते. म्हणून आज संध्याकाळपासूनच, १८० च्या खाली गेले की फ्रिजचा प्लग काढा. दार उघडले नाही तर तीन-चार तास काही बिघडत नाही.

स्टॅबिलायझर घ्यायचा तर फ्रिजसाठीचा वेगळा येतो तो घ्या, ज्याची खालची मर्यादा १३० किंवा त्याहून कमी आहे. नुसता केव्हीएचा आकडा मोठा असून उपयोग नाही. १७० ला कटऑफ होणारा ५ केव्हीएचा स्टॅबिलायझर तुमच्या १६५ वर बंदच राहील.

आणि हेही समजून घ्या: स्टॅबिलायझर वीज निर्माण करत नाही. १५० व्होल्ट घेऊन २२० देताना तो पुढे ८ अँपियर देत असेल तर मागून जवळजवळ १२ ओढतो. वस्तीतल्या वीस घरांनी तेच केले की त्याच तारेतून आणखी करंट जातो आणि व्होल्टेज आणखी पडते. खरा उपाय डीपीवरचा (वस्तीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) भार कमी करणे किंवा डीपीची क्षमता वाढवणे हाच. आठ दिवस वेळ आणि व्होल्टेज वहीत लिहा, शेजाऱ्यांच्या सह्या घ्या आणि महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. १९१२ वर केलेल्या तक्रारीचा क्रमांकही अर्जात टाका. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तोंडी तक्रारीला तिथे पुरावा म्हणून किंमत नसते.

प्रश्न (नागपूर): व्होल्टेज वाढले की एमसीबी (डीबीतला, म्हणजे घरातल्या वितरण पेटीतला, आपोआप पडणारा स्विच) पडतोच ना?

उत्तर: नाही. एमसीबी करंट पाहतो, व्होल्टेज पाहत नाही.

प्रश्न (डोंबिवली): आमच्या चार मजली इमारतीत आठवडाभर दिवे मधेच झगझगीत होतात, मधेच मंद. आमच्याकडे पंखा जोरात पळतो तेव्हा वरच्या मजल्यावर ट्यूबलाइट लागत नाही. परवा एका घरातला एसी आणि टीव्ही एकदमच गेले. सोसायटीत ठरले आहे की प्रत्येकाने स्टॅबिलायझर घ्यावा आणि वायरिंगचे काम मेअखेरीस करावे.

उत्तर: मेअखेर नको, आज. हे पत्र वाचून झाले की सेक्रेटरींना फोन करा. तुम्ही लिहिली आहेत ती तुटत चाललेल्या न्यूट्रलची लक्षणे आहेत.

साध्या कमी व्होल्टेजमध्ये सगळ्यांकडेच मंद होते. एकाकडे मंद आणि त्याच क्षणी दुसऱ्याकडे झगझगीत, असे दिसले की आधी न्यूट्रलचा संशय घ्यायचा. ही खूण प्रत्येक घरात माहीत असायला हवी.

इमारतीत तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो. फेज ते न्यूट्रल २३० व्होल्ट, पण फेज ते फेज ४०० च्या आसपास. काही घरे एका फेजवर, काही दुसऱ्या. न्यूट्रल शाबूत असतो तोवर प्रत्येकाला आपापले २३० मिळतात. तो निसटला की दोन फेजवरची घरे एकापाठोपाठ जोडल्यासारखी होतात आणि ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात, तेही उलट्या हिशेबाने. समजा एका फेजवर फक्त २००० वॅटचा गीझर चालू आहे आणि दुसऱ्यावर २०० वॅटचे पंखा-फ्रिज. गीझरच्या वाट्याला ३६ व्होल्ट येतील आणि पंखा-फ्रिजच्या वाट्याला ३६४. ज्याच्या घरी कमी वस्तू चालू, त्याचेच जास्त जळते. ज्यांचा एसी गेला त्यांच्या एसीत खोट होती असे समजू नका.

स्टॅबिलायझर इथे का नको? साधा रिले स्टॅबिलायझर २८०-३०० पर्यंत सांभाळतो. ३६० आले की तो पुढची जोडणी तोडेल, पण त्याचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आणि कार्ड त्या ३६० वरच बसलेले असतात. ते जळतात, कधी धूर येईपर्यंत.

न्यूट्रल तुटतो कुठे? बहुतेकदा जोडात. मीटररूममध्ये अॅल्युमिनियमची केबल पितळी किंवा तांब्याच्या पट्टीला थेट आवळलेली असते. मधे बायमेटॅलिक लग (दोन धातूंना जोडणारा तुकडा) नसतो. भार वाढला की जोड तापतो, उतरला की गार होतो, दरवेळी बोल्ट थोडा सैल पडतो. तिथे पाहिलेत तर अॅल्युमिनियमच्या तारांवर राखाडी-पांढरी भुकटी दिसेल, केबलचे काळे आवरण टोकाला तपकिरी आणि कडक झालेले असेल, माशांसारखा जळका वास येईल. जुन्या इमारतींत साडेतीन कोअरची केबल असते, म्हणजे न्यूट्रलची तार फेजच्या निम्म्या जाडीची. एलईडी, टीव्ही, संगणक यांचा करंट तीन फेजमध्ये समान वाटला तरी न्यूट्रलमध्ये पूर्ण रद्द होत नाही, काही भाग उलट बेरजेने साठतो. तीस वर्षांपूर्वी पुरेशी वाटलेली तार आज तापते, ती त्यामुळेही. जनरेटरचा चेंजओव्हर स्विच हे आणखी एक ठिकाण: चौथ्या, म्हणजे न्यूट्रलच्या, पोलचा संपर्क झिजला की लाइट येताना क्षणभर न्यूट्रल सुटतो. आणि न्यूट्रलमध्ये फ्यूज असेल तर तो काढून तिथे लिंक टाकायलाच हवी.

एक गोष्ट याहून भयंकर आहे. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थची पिन तारेने जोडून देणारे वायरमन अजूनही आहेत. टेस्टर लावला की सगळे ठीक दिसते. न्यूट्रल तुटला की त्याच तारेने फ्रिजच्या दाराला आणि गीझरच्या टाकीला फेज पोचतो. ओल्या हाताने नळ धरलेला माणूस त्यात जातो. तुमच्या घरात अशी जोडणी आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून या आठवड्यात उघडून पाहून घ्या.

आता क्रम. सगळ्या घरांचे मेन स्विच बंद करा, प्रत्येक मजल्यावर दार वाजवून सांगा. १९१२ वर 'न्यूट्रल तुटला आहे' असेच सांगा. 'व्होल्टेजचा त्रास' म्हणालात तर तातडी कळत नाही. मीटरपर्यंतचा भाग वितरण कंपनीचा, त्याचे सील तुम्ही किंवा तुमच्या वायरमनने तोडायचे नाही. मीटरनंतरचा भाग सोसायटीचा: तिथले सगळे न्यूट्रल जोड पुरवठा बंद करून उघडा, घासून साफ करा, नवे लग क्रिंप करा. तिन्ही फेज न्यूट्रलशी, चाचणीपुरता भार लावून, मोजून २३० च्या आसपास आल्याशिवाय घरे जोडू नका.

त्यानंतर प्रत्येक घराच्या डीबीत ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. ४० किंवा ६३ अँपियरचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, आणि स्वतः ४०० व्होल्ट सहन करणारा. हे शेवटचे माहितीपत्रकात वाचूनच घ्या. वरची मर्यादा २६५-२७०, खालची १७५-१८०, पुन्हा जोडण्याचा वेळ १८० सेकंद. तो व्होल्टेज सुधारत नाही, फक्त वेळेत तोडतो. इथे तेच हवे आहे.

प्रश्न (फोंडा, गोवा): लाइट जाऊन लगेच आली तर एसी बंद करावा का?

उत्तर: साधा, इन्व्हर्टर नसलेला जुना एसी असेल तर हो, तीन मिनिटे, दाब समान झाल्याशिवाय कॉम्प्रेसर सुरू होऊ नये. नव्या एसीत आणि चांगल्या स्टॅबिलायझरमध्ये हा थांबा असतोच. तुमच्याकडच्यात आहे का, ते पुस्तिकेत पाहा.

प्रश्न (दिंडोरी): द्राक्षांच्या कोल्डरूमचा थ्री फेज कॉम्प्रेसर दोन हंगामांत दोनदा जळाला. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर तोडणारे उपकरण) बसवलेला आहे. मेकॅनिक म्हणतो, कॉम्प्रेसरच खराब निघाला.

उत्तर: दोनदा? तिसरा बसवण्याआधी तिन्ही फेज एकमेकांत मोजा. समजा ४१५, ४०० आणि ३८५ आले. सरासरी ४००, सरासरीपासून सर्वांत मोठा फरक १५, म्हणजे असमतोल ३.७५ टक्के. वाइंडिंगच्या तापमानातली वाढ साधारण या टक्केवारीच्या वर्गाच्या दुप्पट धरतात, म्हणजे २८ टक्के. कॉम्प्रेसरसाठी २ टक्क्यांच्या आत राहायला हवे.

प्रिव्हेंटर फसण्याचे कारण बहुधा तुमच्याच डीपीवर आहे. एक फेज गेला असताना कंडेन्सर (कपॅसिटर) लावून दोन फेजवर शेतीपंपाची मोटर चालवली जाते. फिरणारी मोटर तिसऱ्या तारेवर स्वतः व्होल्टेज तयार करते. फक्त व्होल्टेज पाहणाऱ्या प्रिव्हेंटरला तिन्ही फेज दिसतात, तो तोडत नाही. तुम्हाला असमतोल, फेजचा क्रम आणि करंट तिन्ही पाहणारा रिले हवा. फेजचा क्रम यासाठी की स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरला तर गार करत नाही, खडखडतो आणि आतून झिजतो. डीपीवर काम झाल्यानंतर हे हमखास तपासायचे. रिलेची सेटिंग कॉम्प्रेसर कंपनीच्या अभियंत्याकडून लेखी घ्या.

प्रश्न (लातूर): वळवाच्या पावसात विजा होतात. एसीला स्पाइक गार्डची पट्टी लावली तर चालेल?

उत्तर: एसीला कुठलीच एक्स्टेन्शन पट्टी लावू नका, तिचे सॉकेट एवढा भार तासन्‌तास सोसत नाही. वीज जवळ पडल्यावर येणारा झटका मायक्रोसेकंदांचा असतो. स्टॅबिलायझरचा रिले तोवर हलतही नाही. त्यासाठी डीबीत टाइप २ चा सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस (झटका अर्थमध्ये वळवणारा) बसवतात. त्याच्या जोडतारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत हव्यात. अर्थिंग धड नसेल तर तो शोभेचा, म्हणून आधी अर्थिंगचा रोध मोजून घ्या. घरावर थेट पडलेली वीज तोही अडवत नाही. गडगडाट दूर असतानाच प्लग काढा.

प्रश्न (सांगली): एसीच्या प्लगची एक पिन काळी पडली आहे, पण एसी व्यवस्थित चालतो. उन्हाळा संपल्यावर बदलला तर?

उत्तर: आज बंद करा. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला, मागची तार करपली असेल तेवढी कापून नव्याने जोडून घ्या. फक्त प्लग बदलला तर जुन्या सॉकेटची सैल झालेली पट्टी नव्या पिनलाही काळी करेल.