यकृताच्या आजारावर पीएचडी करायची आहे. त्यात स्नायूंच्या चयापचयाचा विषय घ्यावा का? पुढे करिअर आहे का?

घ्या, बिनधास्त घ्या. ‘यकृतावर काम करताय तर स्नायू कशाला?’ हा प्रश्न कमिटीत हमखास येतो आणि तो मला अजिबात पटत नाही. सिरॉसिसमध्ये (यकृतावर व्रण पडून ते निकामी होत जातं तो आजार) युरिया चक्र, म्हणजे अमोनियाचा युरिया बनवण्याची यकृतातली प्रक्रिया, मंदावतं, रक्तात अमोनिया वाढतो आणि तो निस्तरायचं काम स्नायूंवर येतं. ते ग्लुटामेटला अमोनिया जोडून ग्लुटामिन बनवतात. त्यात अल्फा-कीटोग्लुटारेट (ऊर्जा बनवण्याच्या चक्रातला एक दुवा) खर्ची पडतं, मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, अडखळतात. वर मायोस्टॅटिन (स्नायूंची वाढ रोखणारं प्रथिन) वाढतं, म्हणजे नवीन प्रथिनं बनणंही थंडावतं. रुग्णाचे दंड-मांड्या उतरतात ते नुसतं जेवण कमी पडल्यामुळे नव्हे.

खरी गोची अमोनिया मोजण्यात आहे. रक्त ईडीटीए ट्यूबमध्ये (रक्त गोठू न देणाऱ्या) घ्या. टूर्निकेट (दंडाला बांधायचा पट्टा) जमेल तितका कमी वेळ, आणि मूठ आवळायला सांगूच नका, कारण आकुंचन पावणारा स्नायू स्वतःच अमोनिया सोडतो. ट्यूब लगेच बर्फात, पंधरा मिनिटांत ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज, प्लाझ्मा ताबडतोब वेगळा. ट्यूब टेबलावर राहिली तर रक्तपेशींमधूनच अमोनिया सुटत राहतो आणि आकडा खोटा फुगतो. प्लाझ्मा लालसर दिसला, म्हणजे रक्तपेशी फुटल्या, तर सॅम्पल फेका, त्याची माया करू नका.

सी२सी१२ पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवतात त्या उंदराच्या स्नायूपेशी) काम असेल तर वाढवताना प्लेटचा ७० टक्क्यांहून जास्त भाग व्यापू देऊ नका, नाहीतर पुढे मायोट्यूब (पेशी जुळून बनणारे स्नायुतंतू) नीट बनत नाहीत. डिफरन्सिएशनला, म्हणजे पेशींचे मायोट्यूब बनवताना, २ टक्के हॉर्स सीरम (घोड्याच्या रक्तातला द्रव). पेशींना अमोनिया देण्यासाठी अमोनियम ॲसिटेट १० मिलीमोलर वापरणार असाल तर शेजारी तेवढ्याच सोडियम ॲसिटेटचा कंट्रोल हवाच. तो नसेल तर परिणाम अमोनियाचा की ॲसिटेटचा हे सांगता येत नाही. मीडियातलं (पेशी वाढवायच्या द्रवातलं) ग्लुटामिन ३७ अंशांवर आपोआप फुटून अमोनिया देतं, म्हणून मीडिया ताजा घ्या आणि कंट्रोल प्लेटमधलाही अमोनिया मोजा. रुग्णाच्या रक्तातला अमोनिया मायक्रोमोलरमध्ये (मिलीमोलरचा हजारावा भाग) असतो, तेव्हा ‘१० मिलीमोलर का?’ याचं उत्तर तयार ठेवा.

करिअरचं म्हणाल तर नेट, डीबीटी किंवा आयसीएमआरची जेआरएफ (पीएचडीसाठीची संशोधन शिष्यवृत्ती) काढा. गाइड असा बघा ज्याची हेपॅटॉलॉजीच्या (यकृतविकारांच्या) वॉर्डात ये-जा आहे. नुसत्या उंदरांवर हा विषय निभत नाही, असं माझं ठाम मत आहे. वॉर्डात गेलात की डाएट शीट वाचा. एन्सेफॅलोपॅथीच्या (अमोनिया वाढून मेंदूवर होणाऱ्या परिणामाच्या) भीतीने प्रोटीन बंद केलेलं अजूनही दिसेल. मार्गदर्शक तत्त्वं किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन आणि झोपण्याआधी खाणं सांगतात. प्रोटीन तोडलं की अमोनिया उचलणारा स्नायूच कमी होतो.

एक राहिलं: सीटीवर तिसऱ्या लंबर मणक्यापाशी स्नायू मोजताना (स्नायूंचं क्षेत्रफळ भागिले उंचीचा वर्ग) पुरुषांना ५० आणि स्त्रियांना ३९ (चौ. सेंमी प्रति चौ. मीटर) हे कटऑफ, म्हणजे ज्याखाली स्नायू कमी धरतात ते आकडे, उत्तर अमेरिकेतल्या रुग्णांवरून आले आहेत. आपल्या रुग्णांना ते जसेच्या तसे लावू नका.