मामांचे भाऊसाहेब कसे होतात?

शाळेतल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या पत्रांना या पानावर मी उत्तरं देतो. मी निवृत्त मुख्य लिपिक, म्हणजे शाळेतला 'भाऊसाहेब'. त्याआधी त्याच शाळेत आठ वर्षं शिपाई, म्हणजे मुलांचा 'मामा' होतो, त्यामुळे घंटा आणि हजेरीपत्रक दोन्ही हाताखालून गेलेलं आहे. या वेळी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्यालाच जास्त जागा गेली, बाकीच्यांनी रागावू नये.

भाऊसाहेब, सा. न. वि. वि. आमचे हे शाळेत शिपाई होते. ते वारल्यावर २०१४ ला अनुकंपावर मला त्यांच्या जागी घेतलं. शाळा अनुदानित माध्यमिक. माझं शिक्षण नववी पास, वय ३९. मुलगी अकरावीला आहे. तीच मागे लागलीय की आई, दहावी कर आणि क्लार्क हो. एमएस-सीआयटीवाले म्हणतात आधी आमचा संगणकाचा कोर्स करा, टायपिंगवाले म्हणतात आधी आमचा. नेमकं आधी काय करू? या वयात हसू तर होणार नाही ना? – एक मावशी, सातारा जिल्हा

मावशी, आधी दहावी. दहावी नसेल तर बाकीची सर्टिफिकेटं भिंतीवर लावायला बरी, क्लार्कच्या पदाला उपयोग शून्य. खाजगी शाळांतल्या सगळ्या पदांची अर्हता १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत अनुसूची 'ब' मध्ये दिलेली आहे. ती नियमावली तुमच्या ऑफिसच्या कपाटात असणारच. क्लार्ककडून मागून घ्या आणि स्वतः वाचा. 'अमका म्हणाला' यावर जाऊ नका.

दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा. पाचवी पास आणि १४ वर्षं पूर्ण असलेल्याला तो भरता येतो, म्हणजे तुम्हाला अडचण काहीच नाही. फॉर्म मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा आणि कागद नेमून दिलेल्या शाळेत जमा करायचे. शाळा सोडल्याचा दाखला मूळ लागतो. तो माहेरच्या शाळेत असेल तर या दिवाळीतच आणून ठेवा. फॉर्मची मुदत पावसाळ्यात निघते आणि ऐन मुदतीत गाव गाठायचं म्हणजे एक रजा आणि दोन एसट्या.

हसण्याचं म्हणाल, तर मी १९८६ ला लागलो तेव्हा नववी नापास होतो. १७ नंबर भरून मार्च ८८ ला बसलो आणि बीजगणितात आपटलो. ज्या वर्गाला मी पाणी भरत होतो त्या वर्गातली पोरं पास झाली आणि पेढे द्यायला माझ्याकडेच आली. 'मामा, तुमचं काय झालं?' म्हणून विचारलं. मी पेढा खाल्ला. ऑक्टोबरच्या परीक्षेत पास झालो. गणिताच्या सरांनी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या ओट्यावर बसवून शिकवलं होतं, रोज वीस मिनिटं. तुमच्याही शाळेत असे एखादे सर किंवा बाई असतीलच. पण त्या आपणहून येणार नाहीत, तुम्हालाच विचारावं लागेल.

त्यानंतर टायपिंग. आता जुन्या मशिनची परीक्षा राहिली नाही, संगणकावरची शासकीय टंकलेखन परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. मराठी ३० शब्द मिनिटाला, ही पहिली पायरी. सुरुवात मराठीनेच करा. इंग्रजी नंतर, एकावेळी दोन्ही नको. झाडू-बादलीने बोटं कडक झालेली असतात, विशेषतः करंगळी वळत नाही. मला तर जुन्या गोदरेजच्या मशिनवर करंगळीची अक्षरं तीन महिने उमटतच नव्हती, क्लासचे सर म्हणायचे, 'शिपाईबुवा, हा हातपंप नाही.' संगणकाचा कीबोर्ड हलका असतो, तेवढं तुमचं सुख. सकाळी सहाची बॅच घ्या. संध्याकाळची घेतलीत तर शाळेत कसला ना कसला कार्यक्रम निघतोच, आणि खुर्च्या उचलायला कोण लागतं ते तुम्हाला माहीत आहे.

एमएस-सीआयटी शेवटी, ते सुट्टीतसुद्धा उरकेल. २००१ पासून तो कोर्स आहे आणि सरकारी-निमसरकारी नोकरीत तो मागतात, म्हणून करून ठेवायचा. त्याच्या जोरावर कुणी क्लार्क झालेलं मी पाहिलेलं नाही.

आता खरी गोष्ट, जी टायपिंगवाले सांगणार नाहीत आणि एमएस-सीआयटीवालेही नाहीत. सर्टिफिकेट हातात आलं की ते ऑफिसला द्यायचं कसं? मी १९९१ ला मराठी ३० पास झालो. परीक्षेला क्लासची मशिनं टेम्पोत घालून केंद्रावर नेली होती, उतरवायलाही मीच होतो. सर्टिफिकेट आलं त्या दिवशी आनंदाच्या भरात झेरॉक्स काढली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. ते 'छान' म्हणाले. संपलं. पुढच्या वर्षी क्लार्कची जागा निघाली ती माझ्या मागून लागलेल्या आणि माझ्या मागून पास झालेल्या शिपायाला मिळाली, कारण त्याच्या अर्जाला आवक नंबर, म्हणजे ऑफिसात कागद आल्याच्या नोंदीचा नंबर होता आणि माझा कागद कुणाला सापडेना. रोज गावभरच्या टपालावर पोच घेऊन येणारा माणूस मी, स्वतःच्या कागदावर तेवढी घ्यायची विसरलो. ती दोन वर्षं गेली. १९९४ ला पुढची जागा निघाली तेव्हा मी क्लार्क झालो.

म्हणून मावशी, परीक्षेला बसण्याआधी मुख्याध्यापकांना परवानगीचा लेखी अर्ज द्या. पास झाल्यावर प्रमाणपत्राच्या प्रतीसह दुसरा अर्ज द्या, त्यात 'सेवापुस्तकात नोंद घ्यावी' हे वाक्य हवंच (सेवापुस्तक म्हणजे तुमच्या नोकरीच्या सगळ्या नोंदींची वही). दोन्ही अर्जांच्या दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख आणि सही घ्या. आठ दिवसांनी सेवापुस्तक बघायला मागा. नोंद झाली असेल तर दुय्यम प्रतीतही करून घ्या आणि ती प्रत घरी ठेवा. यात उद्धटपणा नाही. ज्या क्लार्कला तो वाटेल त्यानेही स्वतःच्या वेळी हेच केलेलं असतं.

दुसरं, सेवाज्येष्ठता यादी. त्याच १९८१ च्या नियमावलीतल्या नियम १२ प्रमाणे संस्थेने ती करून सगळ्यांना दाखवायची आणि सह्या घ्यायच्या असतात, शिक्षकेतरांचीही. बहुतेक ठिकाणी यादी घेऊन शिपाईच फिरतो आणि स्वतःचं नाव न वाचता सही करतो. तुम्ही वाचा. नेमणुकीची तारीख, शिक्षण, क्रमांक यात चूक दिसली तर तिथेच लेखी हरकत द्या.

आणि एवढं करूनही जागा लागते. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला सरकारने मंजूर केलेल्या पदांच्या यादीत, क्लार्कचं पद मंजूर असेल आणि ते रिकामं असेल तरच संस्थेचा ठराव, मग शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता, मग शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत पदनाम बदलतं. किती मुलांमागे किती पदं हे ठरवणाऱ्या २०१९ च्या आकृतिबंधानंतर पदं विद्यार्थीसंख्येवर अडली आहेत, त्यामुळे तुमच्या संस्थेच्या इतर शाळांतही जागा कुठे आहे याची चौकशी ठेवा. तुमचा हक्क असताना तुम्हाला डावलून दुसऱ्याला बढती दिली, तर खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या कायद्याच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. त्याची मुदत ३० दिवसांची असते. 'बघू, साहेब काहीतरी करतील' यात ते दिवस जातात.

क्लार्क झाल्यावरही मुलं मला मामाच म्हणायची. नवी पाचवी आली तेव्हा कुठे भाऊसाहेब झालो. जुन्या दहावीने शेवटपर्यंत बदललं नाही, आणि मला ते बरं वाटायचं.

आम्ही बचत गटातर्फे जिल्हा परिषद शाळेत आहार शिजवतो. गावात एक माणूस आला होता. 'स्कूल किचन डिप्लोमा', फी ६,५०० रुपये, केला की शाळेत कायम करतात, असं म्हणाला. चौघींनी पाचशे-पाचशे भरलेसुद्धा. करावा का? – स्वयंपाकी ताई, बीड जिल्हा

ताई, उरलेले सहा हजार देऊ नका. स्वयंपाकी-मदतनीस हे मानधनाचं काम आहे. त्याला वेतनश्रेणी नाही, त्यामुळे कुठलाही डिप्लोमा त्यावर कुणाला कायम करू शकत नाही. भरलेल्या पाचशेची पावती मागा. पावती देत नसेल तर तो माणूस कसला आहे ते कळलं.

पुढच्या वेळी कुणी कोर्स विकायला आलं तर एकच विचारा: प्रमाणपत्र कोण देणार आणि त्याला एनसीव्हीईटीची मान्यता आहे का? कौशल्याच्या कोर्सना मान्यता देणारी ही केंद्राची परिषद आहे. तुम्ही करता ते काम तुम्हाला येतंच, ते नव्याने शिकायला पैसे कशाला? केंद्राच्या कौशल्य योजनेत २०१५ पासून आरपीएल म्हणून सोय आहे, म्हणजे आधीपासून येत असलेलं काम तपासून त्याचं प्रमाणपत्र. तुमच्या भागात स्वयंपाकाच्या कामासाठी ती तुकडी चालू आहे का, हे जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात विचारा. उद्या शाळेचं काम सुटलं आणि मेसमध्ये किंवा हॉस्टेलवर लागायचं झालं, तर तो कागद दाखवता येईल.

प्रशिक्षण नको असं मात्र मी म्हणत नाही. २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामण गावच्या शाळेत आहार खाऊन २३ मुलं गेली. तेलात कीटकनाशक होतं. स्वयंपाक करणारीला तेलाचा वास वेगळा आला होता, पण तिचं ऐकणार कोण? मला वाटतं, आहाराच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा हाच हवा: शंका आली तर चूल बंद करायची आणि तसं मुख्याध्यापकांना सांगायचं. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, हे पाठ असू द्या, म्हणजे पोतं कमी भरलं तर तुमच्यावर येणार नाही. वाढण्याआधी शिक्षकांनी चव घ्यायची असते. नोंदवहीत सही झालेली असते, चव घेतलेली नसते. तुम्ही वाटी पुढे करा, नाही म्हणणं जड जातं.

पंचवीस मुलांपर्यंत एक, शंभरपर्यंत दोन आणि पुढच्या दर शंभरापर्यंतच्या वाढीला आणखी एक स्वयंपाकी, हे केंद्राच्या नियमातलं प्रमाण आहे. तुमची शाळा १४० ची लिहिली आहे आणि तुम्ही दोघीच करता. तिसरी कुठे आहे, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा.

मी प्रयोगशाळा परिचर आहे, बारावी सायन्स. कामाचं प्रशिक्षण कधीच झालं नाही, सगळं जुन्या मामांकडून शिकलो. पुढे सहाय्यक होता येईल का? – सांगली

अर्हता तुमच्याकडे दिसते, जागा असेल तर येईल. मावशींच्या उत्तरातलं आवक-सेवापुस्तकाचं तुम्हालाही लागू, ते परत लिहीत नाही. प्रशिक्षणाचं म्हणाल तर सायन्सच्या बाईंना सांगून चार शनिवार मागून घ्या: ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात नाही, बाटल्यांची लेबलं, वाळूची बादली, आणि डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही. शेवटचं सगळ्यात धोक्याचं. फुटलेला बीकर निर्लेखित झाला नसेल, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी केला नसेल, तर निवृत्तीच्या वेळी तो तुमच्या नावावर अखंड असतो.

मी २४ वर्षांचा, बारावी कॉमर्स. गावच्या अनुदानित हायस्कूलमध्ये दोन वर्षं शिपायाचं काम करतो. महिना ५,००० मिळतात. संस्थेचे लोक म्हणतात टायपिंग कर, पुढेमागे तुला क्लार्कमध्ये घेऊ. करू का? – जि. नांदेड

टायपिंग कर. त्यांच्या भरवशावर करू नकोस.

तुला मिळतो तो पगार नाही, शिपाई भत्ता आहे. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली शिपाई, परिचर, पहारेकरी ही चतुर्थ श्रेणीची पदं जसजशी रिकामी होतील तसतशी संपवली आणि त्याऐवजी शाळेला ठोक भत्ता दिला: ग्रामीण भागात ५,०००, मुंबई-पुण्यात १०,०००. या कामाला सेवापुस्तक नाही. वर मावशींना सांगितलेली सगळी शिडी सेवापुस्तकावर उभी आहे, तुझ्या पायाखाली तिची पहिलीच पायरी नाही. मी तुझ्या जागी लागलो असतो तर आज हे सदर लिहीत नसतो. हे लिहिताना मलाच वाईट वाटतंय, पण गोड बोलून तुझी आणखी पाच वर्षं घालवायची नाहीत.

तुझं टायपिंग बाहेर चालेल. लोकसेवा आयोगाच्या लिपिक-टंकलेखक पदाला पदवी आणि मराठी ३० किंवा इंग्रजी ४० लागतं. पदवी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून काम करता करता होते. यंदा प्रवेश घेतलास तर सत्ताविशीत हातात पडेल. पाच हजारांत दोन्ही एकदम झेपणार नाही, तेव्हा आधी पदवीची फी भर आणि टायपिंग शेवटच्या वर्षात लाव. सराव सुटला की वेग राहत नाही, म्हणून परीक्षेच्या जवळच ते शिकलेलं बरं.

आणि दर जूनमध्ये मुख्याध्यापकांकडून केलेल्या कामाचा दाखला लेटरहेडवर, जावक नंबरासह घेत जा. मुख्याध्यापक बदलले की मागच्या वर्षांचं कुणी लिहून देत नाही.