गाडी जुनी, हात नवे

"मॅडम, सेकंडहँड मोटरसायकल घेतलीय. गॅरेजवाला म्हणतो गाडी एकदम चोख आहे. तरी माझा तिच्यावर विश्वास बसत नाही. दोष गाडीत आहे की माझ्यात?"

मी समुपदेशक, आणि वेगवेगळ्या तोंडांतून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणारे कधी कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले असतात, कधी नव्या नोकरीवर रुजू झालेल्या मुली असतात, तर कधी चाळिशी ओलांडलेले पुरुष. हे पुरुष तो सगळ्यात हळू आवाजात विचारतात. अशाच एका गृहस्थांची हकिकत त्यांच्या परवानगीनं सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ते चिपळूणला माझ्याकडे आले तेव्हा गाडीचा विषयच नव्हता. छातीत धडधड, पहाटे तीनला जाग आणि मग झोप नाही, एवढी तक्रार. त्यांच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला होता, तो व्यवस्थित होता. मी त्यांना दोन आठवडे झोपेची वही ठेवायला सांगितली. वहीत दिसलं की वाईट रात्री दोनच, सोमवारची आणि गुरुवारची. मंगळवारी आणि शुक्रवारी काय असतं, असं विचारलं. "गावभेटी," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

वय ४१. सगळं आयुष्य डोंबिवलीत गेलेलं. लोकल, रिक्षा आणि पायी, याच्या पलीकडे वाहनाची गरज कधी पडली नाही. बँकेनं बढती दिली आणि गुहागर तालुक्यातल्या शाखेत पाठवलं. कर्जदारांच्या बागा, गोठे, दुकानं प्रत्यक्ष बघायची, तर एसटीच्या भरवशावर दिवसात एक गाव होतं. म्हणून बदलून गेलेल्या एका अधिकाऱ्याची २०१३ सालची स्प्लेंडर त्यांनी घेतली. घरची गाडी, १८ हजार किलोमीटरच चाललेली. सगळे म्हणाले, लॉटरी लागली.

कोकणात मिसरूड फुटायच्या आधी पोरं गाडी हाकतात. कायद्यानं गिअरच्या मोटरसायकलला १८ वर्षं पूर्ण लागतात, पण वाडीवस्तीवर ते कोण पाहतो? अशा ठिकाणी चाळिशीतला साहेब चढावर गाडी बंद पाडून उभा राहतो, आणि शेंबडं पोर येऊन "काका, हाफ क्लच धरा" म्हणतं, म्हणजे क्लच अर्धाच सोडून धरा. शृंगारतळीच्या बाजारात तर ते एसटीसमोर जागच्या जागी आडवे झाले होते. लागलं काहीच नाही. दोघांनी उचललं, एकानं गाडी बाजूला लावून दिली, कुणीतरी हसलं. ते हसू त्यांच्या कानात राहिलं होतं. बायकोला सांगितलं नव्हतं. लेक रोज फोनवर विचारायची, "बाबा, आज कुठे कुठे गेलात गाडीवरून?" आणि हे गावांची नावं रचून सांगायचे.

गाडीचा विषय निघाला त्या भेटीत माझी एक चूक झाली. त्यांनी गाडी तीन गॅरेजमध्ये दाखवली होती, तिघांनीही "काही नाही झालेलं" म्हणून परत पाठवलं होतं, आणि आता चौथ्याकडे जायचा विचार होता. पुन्हा पुन्हा खात्री करून घेणं हे चिंतेचं ओळखीचं लक्षण आहे. खात्री मिळते, तासभर बरं वाटतं, शंका पुन्हा उगवते. मी तेवढंच पाहिलं आणि सांगितलं की आता कुठल्याही गॅरेजला जायचं नाही. ते हो म्हणाले. पुढच्या आठवड्यात आले तेव्हा झोप आणखी बिघडली होती. शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्हीसुद्धा 'काही नाही' असंच म्हणालात."

बरोबर होतं त्यांचं. चार जणांनी त्यांचं ऐकून घेतल्यासारखं केलं होतं, पण नेमकं काय होतं हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांनीही ते सांगितलं नव्हतं. "गाडी कशीतरीच वाटते" एवढ्या वाक्यावर मेकॅनिक तरी काय करणार? तो किक मारतो, कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून येतो, गाडी पळते, म्हणजे झालं.

मग आम्ही कागद घेतला. कधी, कुठे, कोणता आवाज, हाताला काय लागतं, पायाला काय लागतं. एक अख्खा तास त्यात गेला आणि १४ ओळी झाल्या. गाडी चढावर सुटताना बंद पडते. दुसऱ्या गिअरवरून पुढे जाताना एकदम झटका मारते. ओल्या वळणावर मागचं चाक सरकल्यासारखं वाटतं. बाजारात हळू चालवताना तोल जातो. मागून डंपरचा हॉर्न आला की हात ताठ होतात. लोक बघतात. मी त्यांना प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर लिहायला सांगितलं, गाडीचं असेल तर 'ग', माझं असेल तर 'म'. त्यांनी चढावर बंद पडणं 'म' केलं, झटका 'ग', चाक सरकणं 'म'. "हे मनाचे खेळ," असं चाक सरकण्यापुढे कंसात लिहिलं.

कागद घेऊन ते चौथ्या गॅरेजला गेले, या वेळी माझ्याच सांगण्यावरून. एक अट होती. "गाडी ठीक आहे का?" हा प्रश्न विचारायचा नाही. एकेक ओळ वाचून दाखवायची, मेकॅनिकला ती करून बघायला लावायची आणि तो काय करतो ते शेजारी उभं राहून बघायचं.

परत आले ते कागद हलवतच. अर्धी अक्षरं उलटीपालटी झाली होती.

चढावर बंद पडण्यात मोठा वाटा गाडीचा होता. क्लचची वायर आतून गंजली होती. समुद्राकाठची हवा, त्यात वापर कमी. लिव्हर सोडताना वायर मध्येच अडकायची आणि मग सुटायची एकदम, त्यामुळे क्लच हळू सोडणं नवशिक्याला जमणारच नव्हतं. मुरलेला चालवणारा नकळत रेस थोडी जास्त ठेवून ते निभावून नेतो, म्हणून तिन्ही गॅरेजवाल्यांना ते जाणवलं नाही. मागचा टायर वरून छान दिसत होता, नक्षी शाबूत. पण टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तिथे ३५१३ होतं, म्हणजे २०१३ च्या ३५ व्या आठवड्यातला टायर. गाडीइतकाच जुना. रबर कडक होऊन बारीक भेगा पडलेल्या. असा टायर ओल्या डांबरावर पकड सोडतोच. "कमी चाललेली" गाडी म्हणून ज्याचं कौतुक झालं, त्याचीच ही दुसरी बाजू. ज्यांना मनाचे खेळ म्हटलं, ते त्यांच्या शरीराला आलेलं खरं कळणं होतं.

आणि झटका? तो त्यांचा स्वतःचा. कॉलेजात असताना क्लासला ते ज्या गाडीवर शिकले, तिचा पहिला गिअर खाली आणि बाकीचे पायानं वर उचलून पडायचे. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबत जायचे असतात. निवांत असताना ते लक्षात राहायचं. मागून हॉर्न वाजला की पाऊल वीस वर्षांपूर्वीची सवय आठवायचं, गिअर वर उचलायचं, आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाण्याऐवजी गाडी पहिल्यात यायची. इंजिन ओरडणार, झटका बसणार, आणि हे म्हणणार की गाडी बेभरवशाची आहे.

ते हे सांगत असताना मी त्यांचे खांदे खाली आलेले पाहिले. वायर आणि टायर त्यांनी त्याच आठवड्यात बदलून घेतले. गाडी अजून जुन्या मालकाच्याच नावावर होती. "जमलं नाही तर विकून टाकू" म्हणून कागद तसेच ठेवले होते. घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा असतो, ती मुदत कधीच टळली होती. मी त्यांना आधी ते काम उरकायला सांगितलं. मालकी बदलाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, विमा, पीयूसी. हे समुपदेशनात कुठे बसतं, असं कुणी विचारेल. मला वाटतं बसतं. जी गाडी आपण मनातून परत करायचीच धरून चाललो आहोत, तिच्याशी हात जुळत नाहीत.

राहिली 'म' ची कामं. ती बोलून सुटत नाहीत, करूनच सुटतात. दक्षिण आफ्रिकेचे मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली भीतीच्या पायऱ्या मांडून, सोप्यापासून अवघडाकडे जाण्याची रीत सविस्तर लिहिली. पुढे तिच्यात पुष्कळ बदल झाले, पण पायऱ्या राहिल्या. आम्ही प्रत्येक पायरीला भीतीचे शून्य ते दहा गुण दिले. शून्य म्हणजे घरच्या झोपाळ्यावर बसल्यासारखं, दहा म्हणजे शृंगारतळीचा बाजार.

पहिल्या दिवशी इंजिन बंद. गाडी फक्त हातानं ढकलत गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे मोकळ्या कातळाच्या पठारावर न्यायची, वळवायची, डावीकडे किंचित कलती करून परत उभी करायची. ही गाडी साधारण ११० किलोची. तिचं वजन कुठवर पेलतं आणि कुठून पुढे जातं हे हाताला कळल्याशिवाय पडण्याची भीती जात नाही, असं माझं मत आहे. शिकवणारे ही पायरी हमखास गाळतात. मग चार दिवस कातळावर, रेस अजिबात न देता, फक्त हाफ क्लचवर माणसाच्या चालीनं गाडी चालवणं. मग थांबणं. बाजारात ते का पडले तेही तिथेच उमगलं. हँडल वळलेलं असताना, अगदी हळू वेगात, घाबरून पुढचा ब्रेक आवळला होता. हळू चालीत मागचा ब्रेक आणि नजर लांब, एवढं त्यांच्या मित्रानं त्यांच्याकडून शे-दीडशे वेळा करून घेतलं. गिअरसाठी त्यांनी स्वतःच युक्ती काढली. बँकेत टेबलाखाली पाऊल पुढे दाबत राहायचे, तोंडानं "एक, दोन, तीन, चार."

एक नियम मी कडक ठेवला. आकडा वर असताना घरी परतायचं नाही. तिथेच थांबायचं, तेच करत राहायचं, आकडा निम्म्यावर आला की मग जायचं. सातवर असताना पळून आलं तर शरीर एवढंच शिकतं की पळालो म्हणून वाचलो.

मेअखेर ते पहाटेच्या रिकाम्या रस्त्यानं पहिल्या गावी जाऊन आले. आकडा सहावरून दोनवर. जूनमध्ये पाऊस लागला आणि ते म्हणाले, आता गाडी आठवडाभर लावून ठेवतो. हे टाळणं आहे का, म्हणून मी बारकाईनं विचारलं. तांबड्या मातीचा राड रस्त्यावर आलेला, वळणांवर शेवाळ, गुरं डांबरावर बसलेली. पहिल्या पावसात मुरलेले चालवणारेही जपून असतात. त्यांनी आठवडा थांबायचं ठरवलं आणि आठव्या दिवशी, हेल्मेटची काच पुसत, बाहेर पडले. पळणाऱ्या माणसाला परतायची तारीख नसते, त्यांना ती होती. म्हणून मी हरकत घेतली नाही.

ऑगस्टात एका बाजाराच्या दिवशी त्यांनी मला शृंगारतळीहून फोन केला. गाडी एकदा बंद पडली, मागून हॉर्न वाजले. त्यांनी न्यूट्रल केलं, किक मारली, निघाले. "आकडा?" मी विचारलं. "चार," म्हणाले, "पण मॅडम, चारवर चालवता येते."

झोपेची वही त्यांनी त्यानंतर बंद केली. दिवाळीत बायको आणि लेक गुहागरला आल्या. लेकीला बाजाराची सगळी गोष्ट सांगितली, पडल्यासकट, रचलेल्या गावांसकट. तिला लगेच मागे बसून समुद्रावर जायचं होतं. ते नाही म्हणाले. कागदावर एकच ओळ खोडायची राहिली होती, 'डबल सीट', आणि तिच्यापुढचा आकडा अजून आठ होता. आधी मित्राला मागे बसवून सड्यावर महिनाभर सराव करणार होते. लेकीच्या मापाचं हेल्मेट मात्र घेऊन ठेवलंय, असं त्यांनी शेवटच्या भेटीत सांगितलं.