पिशवी भरू नये म्हणून उपाशी राहणाऱ्या ताईंना

पत्र : "माझं वय 46. अमळनेर तालुक्यात राहते. मागच्या वर्षी गुदाशयातल्या गाठीचं ऑपरेशन झालं, तेव्हा लहान आतडं पोटावर काढून मळ जमायला पिशवी लावली. केमो संपली. आता डॉक्टर म्हणतात, दुसरं ऑपरेशन करून आतडं आत घेऊ. घरचे म्हणतात, चैत्रातच उरकून टाक, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) धाकटीचा साखरपुडा आहे, तोवर मोकळी होशील. मला पुन्हा पोट फाडायची धास्ती वाटते. पिशवीची आता सवय झालीय. चारचौघांत ती भरू नये म्हणून सकाळी एक भाकरी खाते, पाणीही बेतानंच पिते. सासूबाई म्हणतात, 'आते कसाले घाबरस?' मी काय करू?"

ताई, ऑपरेशनचं मागाहून बोलू. आधी ती सकाळची एक भाकरी.

जेवलं नाही म्हणून पिशवी रिकामी राहत नाही. आतड्यात पाचक रस सुटतच राहतात. उपाशीपोटी उलट वारा जास्त धरतो आणि येतं तेही निव्वळ पाणी. अन्नातलं उरलंसुरलं पाणी आणि मीठ शोषून घ्यायचं काम मोठ्या आतड्याचं, आणि तुमचं मोठं आतडं सध्या वाटेतच नाही. म्हणजे दिवसभर मीठपाणी पिशवीवाटे चाललंय आणि वरून तुम्ही पाणी मोजून पिताय. आपल्याकडचा उन्हाळा काय असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. पारा 44 च्या पुढे जातो तेव्हा धडधाकट माणूस गळून जातो. तुमच्या तर किडनीवर ताण येईल. लघवी कमी आणि गडद होणं, पोटऱ्यांत गोळे येणं, उठताना गरगरणं, यातलं काही होतंय का? होत असेल तर आजच डॉक्टरांना कळवा.

नुसतं साधं पाणी घटाघटा प्यायलं तरी ते तसंच वाहून जातं. ओआरएसचं पाकीट आणा, किंवा घरी 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्यानं 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून दिवसभर घोट घोट घ्या. शुगर-बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. जेवण थोडं थोडं, पाच-सहा वेळा. दादर ज्वारीची भाकरी, मुगाची डाळ, दही, चालत असतील तर अंडी. जखम आणि आतड्याचा सांधा भरून यायला प्रोटीन लागतं आणि केमोनंतर अंगात ते कमीच उरलेलं असतं. केळी खा, त्यानं पिशवीतलं घट्ट होतं. कळण्याच्या भाकरीतल्या उडदानं वारा धरतो, शेवभाजीचा रस्सा निघताना कातडीला झोंबतो. ही दोन्ही सध्या राहू द्या. भरीत चालेल, पण तिखट बेतानं आणि वर कच्च्या कांद्याची पात नको. पिशवी एकतृतीयांश भरली की रिकामी करा, म्हणजे ती ओढली जात नाही आणि कड सुटत नाही. परकराचा नाडा बरोबर पोटावरच्या आतड्याच्या तोंडावर येत असेल तर गाठ वर किंवा खाली सरकवून बांधा. गळण्याची निम्मी कारणं त्या नाड्यात असतात, असं माझं मत आहे.

आता धास्तीचं. पिशवी तात्पुरती म्हणून लावलेली असेल, तर ती बंद करताना बहुतेक वेळा तिच्याभोवतीच छेद घेऊन आतडं जोडतात, अख्खं पोट उघडावं लागत नाही. कधीकधी लागतं, म्हणून सर्जनला सरळ विचारा. त्याआधी खालच्या आतड्यात औषध सोडून एक्स-रे काढतात, खालचा सांधा, म्हणजे गाठ काढून आतडं जिथं जोडलं तो, गळत नाही ना ते बघायला. पोट साफ करायची औषधं मात्र मेडिकलमधून मनानं आणू नका. पिशवीवाल्याला जुलाब महागात पडतात.

पत्रात नाही, तरी विचारते : मिशरी लावता का? लावत असाल तर आजपासून बंद. तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांचं कामही अवघड होतं. रोज अंगणात चाला. आणि वारा अडवताना मागचा जो स्नायू आवळतो, तो 5 सेकंद आवळून सोडायचा, एका वेळी दहादा, दिवसातून तीन-चारदा. हा व्यायाम आताच डॉक्टरांना विचारून सुरू करा, कारण ऑपरेशननंतर त्याच स्नायूवर सगळी भिस्त असते.

"मोकळी होशील" हे घरच्यांचं बोलणं मला पटत नाही. गुदाशय काढलेला असला की मळ साठवायला जागा थोडी उरते. पिशवी गेल्यावर सुरुवातीचे आठवडे दिवसातून आठ-दहादा जावं लागणं, आवरता न येणं, मागची कातडी सोलणं हे बऱ्याच जणांना होतं. महिन्यामहिन्यानं कमी होतं, काहींना वर्ष-दोन वर्षं लागतात. चैत्रात ऑपरेशन आणि आखाजीला पाहुण्यांसमोर नव्या साडीत बसायचं, हा हिशेब तुमच्या अंगावर उधारीनं मांडलाय. साखरपुडा पिशवीसकट उत्तम होईल, तिची तुम्हाला सवय आहे असं तुम्हीच म्हणता.

पण तारीख मीही ठरवणार नाही. उन्हाळाभर पिशवी ठेवण्यातही धोका आहेच. तुमचं हिमोग्लोबिन, रक्तातलं प्रोटीन आणि तो एक्स-रे बघून सर्जन सांगतील. त्यांच्याकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या आणि मुलीला सोबत घ्या. महिनाभर थांबलं तर काही बिघडतं का? माझा सांधा गुदद्वारापासून किती वर आहे? (जितका खाली, तितका नंतरचा त्रास जास्त.) आणि तिसरा, जो बायका विचारत नाहीत : पिशवी कायमची ठेवली तर? तोही एक मार्ग आहे, खालचा स्नायू कमजोर असेल तर कधी बराही असतो. सासूबाईंना काय वाटेल हा त्यातला मुद्दा नाही.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार दाखवून आधीच विचारा. भरती झाल्यावर धावपळ नको.

पोट दुखून फुगलं, ओकारी येतेय आणि पिशवीत चार-सहा तास काहीच नाही, असं झालं तर तारखेची वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा. आणि पिशव्यांचा मोठा खोका एवढ्यात घेऊ नका. तारीख नक्की होईपर्यंत महिन्यापुरत्या आणा.