जोडलं तरी ऊर्जा, फोडलं तरी ऊर्जा: मग पुन्हा पुन्हा का नाही?

तुमच्या मुलीचा प्रश्न असा आहे: युरेनियमचं केंद्रक फोडलं की ऊर्जा मिळते, हायड्रोजनची केंद्रकं जोडली तरी मिळते, मग जोडायचं, फोडायचं, पुन्हा जोडायचं, असं करत राहिलं तर ऊर्जा फुकटात का मिळत नाही? आधी तिला शाबासकी द्या. मी बरीच वर्षं बारावीला फिजिक्स शिकवलं. हा प्रश्न दोन-तीन वर्षांतून एखादाच विद्यार्थी विचारायचा, आणि ज्याने विचारला त्याला तो धडा पाठ करावा लागला नाही.

एकच केंद्रक दोन्ही वाटांनी ऊर्जा देत नाही, हे मूळ उत्तर. हलकी केंद्रकं जोडली (संमीलन) तर ऊर्जा बाहेर पडते, फार जड केंद्रकं फोडली (विखंडन) तर बाहेर पडते. उलट केलंत तर आपल्या पदरची घालावी लागते.

गोंधळ होतो तो ‘बंधनऊर्जा’ या शब्दामुळे. नावावरून वाटतं की केंद्रकात ऊर्जा गाठोड्यासारखी बांधून ठेवली आहे आणि गाठ सोडली की ती बाहेर येते. नेमकं उलट आहे. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकत्र येताना जी ऊर्जा बाहेर टाकून बसले, ती बंधनऊर्जा. ते पुन्हा सुटे करायचे तर तेवढीच ऊर्जा द्यावी लागेल. म्हणजे बंधनऊर्जा जास्त, तर केंद्रक तितकं खोल खड्ड्यात.

पुस्तकातला बंधनऊर्जेचा आलेख डोंगरासारखा दिसतो. मी तो फळ्यावर मुद्दाम उलटा काढायचो, दरीसारखा. दर कणामागे (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) खोली किती, ते एमईव्हीमध्ये, म्हणजे केंद्रकांची ऊर्जा मोजायच्या एककात, असं: ड्युटेरियम (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन असलेला जड हायड्रोजन) १.१, हेलियम ७.१, लोखंड ८.८, युरेनियम ७.६. तळाशी लोखंड. (काटेकोर बोलायचं तर निकेल-६२ केसभर आणखी खोल आहे.) दरीच्या कुठल्याही बाजूने दगड सोडा, तो तळाकडेच येणार. हायड्रोजनकडचा कडा सरळसोट आहे, युरेनियमकडचा उतार संथ. तळाशी पोचलेल्या दगडाकडून मात्र काहीच मिळत नाही. मोठ्या ताऱ्यांच्या गाभ्यात लोखंड साठलं की जळण संपतं आणि गाभा कोसळतो, ते यामुळेच.

पण दरी मुळात का आहे? तिथे दोन बलं एकमेकांविरुद्ध उभी आहेत. केंद्रकीय बल प्रचंड ताकदीचं, पण त्याचा हात आखूड. कण फक्त शेजाऱ्याला धरू शकतो. विद्युत प्रतिकर्षण त्या मानाने दुबळं, पण लांब पल्ल्याचं. प्रत्येक प्रोटॉन केंद्रकातल्या बाकी सगळ्या प्रोटॉनना ढकलत असतो. मुलीला जोड्या मोजायला सांगा. लोखंडात २६ प्रोटॉन, म्हणजे ढकलाढकलीच्या ३२५ जोड्या. युरेनियममध्ये ९२ प्रोटॉन, म्हणजे ४,१८६ जोड्या. प्रोटॉन साडेतीनपट, भांडणं जवळजवळ तेरापट, आणि धरून ठेवणारे शेजारी मात्र प्रत्येकाला तेवढेच. लहान केंद्रकांची अडचण वेगळी: तिथे जवळजवळ सगळेच कण पृष्ठभागावर असतात, शेजारी पुरेसे मिळत नाहीत. जोडलं की शेजारी वाढतात, पकड घट्ट होते.

म्हणून दोन्हीकडे ऊर्जा देणारं बल वेगळं आहे, आणि मला ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. संमीलनात केंद्रकीय बल कणांना आत ओढतं. विखंडनात केंद्रकाचे दोन तुकडे त्या बलाच्या आखूड हातातून निसटतात आणि विद्युत प्रतिकर्षण त्यांना दूर फेकतं. युरेनियम-२३५ च्या एका विखंडनातून सुमारे २०० एमईव्ही मिळतात, त्यातले १७० च्या आसपास या दोन तुकड्यांच्या वेगातच असतात. हे तुकडे इंधनाच्या गोळीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकंही अंतर धड न कापता थांबतात आणि गोळी तापते. १९६९ पासून तारापूरला वीज तयार होते ती याच उष्णतेने केलेल्या वाफेवर.

हा २०० चा आकडा पहिल्यांदा निघाला तो असा: १९३८ च्या नाताळात भौतिकशास्त्रज्ञ लीझे माइटनर आणि तिचा भाचा ऑटो फ्रिश, तोही भौतिकशास्त्रज्ञ, स्वीडनमध्ये बर्फात फिरायला गेले होते. जर्मनीतले रसायनशास्त्रज्ञ हान आणि स्ट्रासमन यांना युरेनियमवर न्यूट्रॉन मारल्यावर बेरियम सापडलं होतं, त्याचा अर्थ लागत नव्हता. दोघं एका ओंडक्यावर बसून चिठोऱ्यांवर हिशेब करू लागले. तुकड्यांच्या प्रतिकर्षणावरून काढलं तर २०० एमईव्ही. मग माइटनरने वस्तुमानातली घट काढली: प्रोटॉनच्या साधारण एक पंचमांश. आइनस्टाइनच्या सूत्रात घातली, पुन्हा २००. दोन वेगळ्या वह्यांतला हिशेब जुळला.

आता संमीलन. ड्युटेरियमची एकूण बंधनऊर्जा २.२, ट्रिटियमची (दोन न्यूट्रॉनवाला हायड्रोजन) ८.५, त्यातून होणाऱ्या हेलियमची २८.३. वजाबाकी करा: १७.६ एमईव्ही. यातले १४.१ न्यूट्रॉन घेऊन जातो, ३.५ हेलियमकडे राहतात. मुलं इथे फसतात: २०० मोठे की १७.६? पण २०० हे २३६ कणांमागे (युरेनियमचे २३५ आणि आत शिरलेला एक न्यूट्रॉन) आहेत आणि १७.६ फक्त पाच कणांमागे. किलोला किलो लावलं तर संमीलन चौपट देतं. आणि हेलियम पुन्हा फोडून न्यूट्रॉनच्या साथीने ड्युटेरियम-ट्रिटियम बनवायचं तर तेच १७.६ परत मोजावे लागतात. तिच्या फुकटच्या चक्राचं उत्तर हे.

मग संमीलनाची वीज अजून घरात का नाही? कारण खड्ड्यात पडण्याआधी चढ आहे. दोन्ही केंद्रकं धनभारित. केंद्रकीय बलाच्या टप्प्यात येईपर्यंत ती एकमेकांना ढकलतात. न्यूट्रॉनला भार नाही, म्हणून तो युरेनियममध्ये सहज शिरतो, आणि विखंडन आपल्याला आधी साधलं. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान आहे. टोकामाक यंत्रात, म्हणजे तापलेला वायू चुंबकांनी कोंडून संमीलन घडवणाऱ्या यंत्रात, त्याच्या दहापट लागतं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत संमीलनाच्या एका प्रयोगात लेसरचे २.०५ मेगाज्यूल घालून ३.१५ मेगाज्यूल मिळाले, पण त्या लेसरने विजेच्या तारेतून सुमारे ३०० मेगाज्यूल ओढले होते.

मुलीला एक गणित द्या. अणुवस्तुमानाच्या एककात हायड्रोजनच्या एका अणूचं वस्तुमान १.००७८३, हेलियमचं ४.००२६०. चार हायड्रोजनमधून एक हेलियम वजा करा आणि ९३१.५ ने गुणा (असं एक एकक वस्तुमान म्हणजे ९३१.५ एमईव्ही). सूर्य हेच करतो. उत्तर २६.७ एमईव्हीच्या आसपास यायला हवं. नाही आलं तर तिची आकडेमोड इथे टाका, कुठे अडलं ते बघू.