आठ्या, वय आणि बोटॉक्सची मात्रा

प्रश्न : मी ६४ वर्षांची असून नागपुरात धरमपेठेत राहते. माझ्या ३८ वर्षांच्या मुलीने भुवयांमधील आठ्यांसाठी बोटॉक्स या इंजेक्शनची २० युनिट्स घेतली आणि तिच्या आठ्या दिसेनाशा झाल्या. महिन्यापूर्वी मीही तेवढीच घेतली, पण माझी उभी रेघ केवळ पुसट झाली. वयामुळे मला जास्त मात्रा लागेल का? कपाळावरही घेण्याचा विचार आहे.

उत्तर : जास्त मात्रा मागण्याआधी उरलेली रेघ कशामुळे आहे, हे पाहणे आवश्यक आहे. हे औषध त्वचेवर नव्हे, स्नायूवर काम करते. चेतातंतूच्या टोकाशी असिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडणे त्यामुळे थांबते आणि स्नायू साधारण तीन ते चार महिने नीट आकुंचन पावत नाही. आपल्या मुलीच्या वयात आठी बहुधा भुवया आवळल्यावरच उमटते, म्हणून स्नायू सैल पडताच ती नाहीशी होते. साठीनंतर मात्र त्वचा घट्ट ठेवणारे कोलॅजेन हे प्रथिन घटलेले असते, त्यात नागपूरच्या उन्हात काढलेल्या वर्षांची भर पडते आणि चेहरा शांत असतानाही रेघ तशीच राहते. आरशासमोर भुवया आवळून पाहा. त्या जवळ येत नसतील, तर औषधाने आपले काम केले आहे आणि आणखी युनिट्स देऊन ती रेघ जाणार नाही.

अमेरिकेत २००२ साली भुवयांमधील आठ्यांसाठी बोटॉक्सला मंजुरी मिळाली, ती पाच ठिकाणी प्रत्येकी ४ युनिट्स या मात्रेला. त्या चाचण्यांतही ६५ वर्षांखालील व्यक्तींमध्ये गुण येण्याचे प्रमाण अधिक दिसले होते. मात्रा ठरवताना वयाच्या आकड्यापेक्षा स्नायूचा जोर महत्त्वाचा असतो. पुरुषांना अनेकदा जास्त लागते तेही याच कारणाने.

कपाळाबाबत मी आपल्याला आग्रहाने सावध करीन. उतारवयात भुवया आणि पापण्यांवरची त्वचा खाली उतरते, आणि डोळे पुरेसे उघडे राहावेत म्हणून कपाळाचा स्नायू नकळत दिवसभर भुवया उचलून धरतो. तोच स्नायू सैल केला, तर आठ्या जातात, पण भुवया खाली येतात आणि डोळे जड वाटू लागतात. हा त्रास कित्येक आठवडे टिकू शकतो. डोळे मिटून कपाळ सैल सोडा आणि नंतर डोळे उघडताना भुवया आपोआप वर जातात का, हे कुणाला तरी पाहायला सांगा. जात असतील, तर कपाळावर फार थोडी मात्रा, तीही भुवयांपासून बऱ्याच वर, किंवा अजिबात नको.

पुढची मात्रा तीन महिन्यांच्या आत घेऊ नये. वेगळ्या कंपनीचे औषध वापरले गेल्यास युनिट्सची तुलना करू नये, कारण प्रत्येकाचे एकक निराळे असते. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असल्यास सुईच्या जागी काळे-निळे डाग पडतात, आणि मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार असल्यास धोका वाढतो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना आपल्या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात.