ढोलाच्या आवाजाची भीती: खिडक्या लावून ती का वाढते

ताई, तुमचा साडेचार वर्षांचा मुलगा नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की कान झाकून पलंगाखाली शिरतो, आजी धावत खिडक्या लावतात आणि आता तो संध्याकाळी खेळायलाही उतरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. गणपतीला सहा-सात आठवडे आहेत. तेवढ्यात बरंच होतं.

आधी एक बघा. मिक्सर, कुकरची शिट्टी, फ्लशचा आवाज यांनाही तो असाच बिचकतो का? तसं असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कानांची आणि विकासाची तपासणी करून घ्या. फक्त ढोलच नको असेल, तर पुढचं तुमच्यासाठी.

खिडकी लागली की तो शांत होतो, म्हणून आजींना उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. पण पोर शिकतं ते असं: धोका खराच होता, खिडकीमुळे वाचलो. दुसऱ्या दिवशी ढोल नुसता वाजेल या विचारानेच पोटात दुखतं. त्यामुळे खिडकी लावायची तर रोज ठरलेल्या वेळी, समजा आठ वाजता. तो घाबरला म्हणून नाही.

सुरुवात मोबाइलवरच्या ढोलाने करा, रोज 10 मिनिटं, आवाज कमी-जास्त करायचं बटण त्याच्याच हातात. मग पालथ्या पातेल्यावर त्यालाच वाजवू द्या. मग खिडकी चार बोटं उघडी. मग सरावापासून दोन-तीनशे मीटरवर उभं राहायचं. भीती किती, ते त्याने बोटांनी दाखवायचं: पाच म्हणजे खूप. दोन-तीन बोटांच्या पायरीवर थांबा, एक बोट उरलं की घरी. चार-पाच दिवस तीच पायरी सोपी गेली, तरच पुढची.

चुकतं ते इथेच. पाच बोटं दाखवून तो रडायला लागला की आपण उचलून थेट घरी आणतो, आणि पळालं की सुटतो हेच पक्कं होतं. पन्नास पावलं मागे या, तिथे थांबा, दोन बोटांवर आला की मग निघा.

गरम वरणभातावर फुंकर घालतो तसा लांब श्वास सोडायचा. हे रोज जेवतानाच शिकवा, भर भीतीत शिकवून काही उपयोग नाही. बोलणं एकच, तेही एकदा: "आवाज मोठा आहे, तुला भीती वाटतेय, आपण इथेच थांबू." "काही होत नाही रे" दहादा म्हटलं की तो अकराव्यांदा विचारतो. "मुलगा असून रडतोस?" म्हणणाऱ्या काकांना बाजूला घेऊन समजवा.

विसर्जन मिरवणुकीत मात्र यंदा नेऊ नका. पथकाजवळ आवाज 100 डेसिबलच्या वर जातो, लहान कानांना तो खरोखरच घातक. लांबून बघायचं असेल तर कानांवर इअरमफ (आवाज अडवणारी, हेडफोनसारखी कानझाकणी) घाला. घरात नकोत, नाहीतर तीच दुसरी खिडकी.

महिनाभर असं करूनही झोप, जेवण किंवा शाळा बिघडलेलीच राहिली, तर बालमानसोपचारतज्ज्ञ गाठा. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र लागतो, मराठीतून बोलता येतं, आणि तो फोन आजींनीही करायला हरकत नाही.